गाडी लोअर केल्यावर टायर आतून का झिजतात? कॅम्बर, टो आणि अलाइनमेंट समजून घ्या

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांना भेटतात. या दोन्ही रस्त्यांवर स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या, म्हणजेच ‘लोअर’ केलेल्या गाड्या दिसतात. गाडी दिसायला रुबाबदार होते, पण काही महिन्यांतच टायर आतल्या कडेने गुळगुळीत होतात. दोष बहुतेक वेळा कॅम्बरला दिला जातो. खरा खर्च मात्र टो वाढवतो.

कॅम्बर आणि टो म्हणजे काय?

गाडीकडे समोरून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत झुकलेला दिसला, तर तो निगेटिव्ह कॅम्बर. बाहेर झुकलेला असेल, तर पॉझिटिव्ह.

टो वरून पाहायचा असतो. दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, फाकलेली असतील तर टो-आउट.

गाडी खाली बसली की काय बदलते?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असते. गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि चाक सहसा वरून थोडे आत झुकते. त्याच वेळी स्टीअरिंगचा टाय रॉडही आपल्या जागेवरून हलतो. लोअर आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरत असल्याने टो बिघडतो.

टायर जास्त कोण खातो?

साधा हिशेब करून पाहू. टायरचा व्यास सुमारे 600 मिमी आणि दोन्ही चाकांचा मिळून टो 3 मिमीने चुकलेला आहे असे धरा. एका चाकाच्या वाट्याला दीड मिमी येतो. म्हणजे ते चाक दर किलोमीटरला अडीच मीटर आडवे घासण्याइतके तिरके चालते. द्वारकेहून पुणे साधारण 210 किमी आहे. तिथे पोचेपर्यंत हा आकडा अर्ध्या किलोमीटरच्या वर जातो!

उलट कॅम्बर 1 अंशाने बदलला, तर 185 मिमी रुंद टायरच्या दोन कडांच्या उंचीत जेमतेम 3 मिमी फरक पडतो. तेवढा रबर दबून सामावून घेतो. कॅम्बर बराच जास्त असेल, तर मात्र आतली कड नक्कीच लवकर जाते. टोही चुकलेला असेल, तर ती आणखी लवकर जाते.

घरी कसे ओळखाल?

थंड टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी आत आणि मग बाहेर. टायरमधून तार बाहेर आलेली नाही ना, हे आधी पाहून घ्या. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर संशय टोवर घ्या. एकच कड सपाट झिजली असेल, तर कॅम्बर तपासा. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरते, तेव्हा बहुधा बॅलन्सिंगचा प्रश्न असतो. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामे आहेत.

कॅम्बर दुरुस्त करता येतो का?

अनेक गाड्यांत कंपनीने पुढे फक्त टोची सोय दिलेली असते. ‘कॅम्बर होत नाही’ असे दुकानदार म्हणतो, तेव्हा तो टाळत असतोच असे नाही. अशा वेळी स्ट्रटच्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवता येतो. दुसरा पर्याय कॅम्बर प्लेटचा. स्ट्रटचे भोक कानशीने मोठे करून घेऊ नका. मागे टॉर्शन बीम असेल, तर तिथे सहसा ॲडजस्टमेंट नसते.

कामाचा क्रम

1. टायरमधली हवा, बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एन्ड आधी तपासा. ढिल्या पार्टवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही.
2. आधी कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो पुन्हा बदलतो.
3. टो लावताना स्टीअरिंग सरळ धरून लॉक केलेले हवे.
4. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला प्रिंट मागा. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत मोठा फरक नको.
5. नवी स्प्रिंग काहीशे किलोमीटरमध्ये आणखी थोडी बसते. त्यानंतर पुन्हा तपासणी करा.

स्प्रिंग कापून घेतली तर?

स्वस्तात काम म्हणून स्प्रिंग कापली किंवा तापवून बसवली जाते. हे धोक्याचे आहे. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात आपल्या जागेवरून सुटू शकते, तर तापवलेल्या स्प्रिंगची ताकद जाते. कोणतीही अलाइनमेंट हा दोष झाकू शकत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. कलम 182-अ नुसार बेकायदा बदलासाठी वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.

त्यामुळे स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा. गाडी आधीच खाली बसवलेली असेल, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी निदान टो तरी तपासून घ्या.