टूसॉनच्या शाळांतील एक वाद

ॲरिझोनातील सरकारी शाळांची कुळकथा सांगू लागले की पहिले नाव गव्हर्नर सॅफर्ड यांचे घेतले जाते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु १८७१ साली त्या प्रांताच्या विधिमंडळात सार्वजनिक शिक्षणाचा कायदा ज्यांनी नेटाने पुढे रेटला, ते एस्तेवान ओचोआ हे मेक्सिकोच्या चिवावा प्रांतात जन्मलेले व्यापारी होते, ही गोष्ट त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. खेचरांच्या तांड्यांवर आणि मालगाड्यांवर त्यांची पेढी चालत असे. १८६२ मध्ये दक्षिणेच्या बंडखोर फौजेने टूसॉन घेतले आणि निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर गाव सोडा, असा हुकूम त्यांना सुटला, तेव्हा मालमत्ता तेथेच टाकून ते अमेरिकेच्या संघराज्याशी इमान राखून निघून गेले. पुढे १८७५ मध्ये हेच गृहस्थ टूसॉनचे नगराध्यक्ष झाले, आणि गावातील शाळेसाठी जागाही त्यांनीच दिली. त्या काळच्या वर्गात शिक्षक इंग्रजी बोले आणि बाकांवरची बहुतेक मुले घरी स्पॅनिश बोलत. पण त्यात काही वावगे आहे असे फारसे कोणास वाटत नसे, कारण गावाचा बाजार, देवळे आणि सोयरीकही दोन्ही भाषांत चालत होती.

गावाचा पूर्वेतिहास पाहिला तर याचे नवल वाटू नये. येथील तटबंदी १७७५ साली स्पेनच्या राजाच्या नावाने उभी राहिली, स्वातंत्र्यानंतर तिच्यावर मेक्सिकोचे निशाण चढले, आणि १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेकडे गेला तरी हिला नदीच्या दक्षिणेस असलेले टूसॉन मेक्सिकोकडेच राहिले. ते हस्तांतरित झाले १८५३ च्या करारामुळे, ज्यान्वये एक कोटी डॉलर मोजून सुमारे तीस हजार चौरस मैलांचा पट्टा अमेरिकेने विकत घेतला. मेक्सिकोची शिबंदी गावातून हलली ती १८५६ मध्ये. तेथील जुनी मेक्सिकन घराणी, आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच आम्हाला ओलांडून गेली, असे आजही सांगतात. मात्र या घराण्यांच्याही आधीपासून ओदाम लोक त्या भूमीवर नांदत होते, हे नमूद केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

१८८० मध्ये आगगाडी आली आणि सारा तोल फिरला. ओचोआंची पेढी बुडाली, पूर्वेकडचे भांडवल आणि पूर्वेकडची माणसे यांचा गावात भरणा झाला, आणि मेक्सिकन वस्ती हळूहळू गावाच्या कारभारातून गावाच्या मजुरीकडे ढकलली गेली. १९१२ मध्ये ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला. त्यानंतर १९१९ मध्ये टूसॉनच्या शाळाखात्याने ‘वन-सी’ नावाचा वर्ग काढला. इंग्रजी न येणारे मूल पहिलीत न बसवता आधी या वर्गात बसवावे, आणि इंग्रजी बोलू लागेपर्यंत तेथेच ठेवावे, अशी ती योजना होती. कागदावर ती निरुपद्रवी, किंबहुना सद्हेतुपूर्वक आखलेली दिसते. प्रत्यक्षात स्पॅनिश किंवा मूलनिवासींची याकी भाषा बोलणारी मुले एक-एक, दोन-दोन वर्षे तेथेच मुरत, आठवीत पोहोचेपर्यंत वर्गातील इतरांहून थोराड दिसत, आणि मग लाजेने म्हणा, संसाराच्या ओढीने म्हणा, शाळेला रामराम ठोकत. मधल्या सुट्टीतसुद्धा स्पॅनिश शब्द तोंडातून निघाला तर शिक्षा होई. ही शिक्षा देणाऱ्यांत मेक्सिकन वंशाच्या शिक्षिकाही असत, आणि अशाच एक, मारिया उर्किदेस, यांनी पुढे आपल्या त्या दिवसांबद्दल उघड पश्चात्ताप व्यक्त केला. तो नुसता शब्दांचा नव्हता: १९६५-६६ मध्ये राष्ट्रीय शिक्षक संघटनेच्या वतीने टूसॉनच्या ज्या मंडळींनी नैर्ऋत्येकडील शाळांची पाहणी केली, त्यांत त्या अग्रभागी होत्या, आणि त्या पाहणीच्या अहवालाचा १९६८ च्या द्विभाषिक शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याला मोठा आधार झाला. वन-सी वर्ग त्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, चालू होता.

१९६८ हे वर्ष सर्वत्रच धामधुमीचे गेले. मार्चमध्ये लॉस एंजल्सच्या पूर्व भागातील हजारो मेक्सिकन विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले; नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. हायाकावा नावाचे भाषाशास्त्रज्ञ त्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाल्यावर संपकऱ्यांच्या ध्वनिक्षेपक-गाडीवर चढून त्यांनी स्वहस्ते तारा उपटल्या, आणि या एका पराक्रमावर पुढे ते सेनेटर झाले. संप पाच महिने चालला आणि १९६९ मध्ये मिटला तो एथ्निक स्टडीजचे स्वतंत्र विद्यालय मान्य करूनच. अल्पसंख्य समाजांचा इतिहास आणि वाङ्मय त्यांच्याच नजरेने शिकवावे, हा विषय अशा रीतीने विद्यापीठात आला. टूसॉनच्या सरकारी शाळांत शिरायला त्याला आणखी तीन दशके लागली.

तेथे तो शिरला न्यायालयाच्या दारातून. १९७४ मध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पालकांनी शाळांतील वांशिक पृथक्करणाविरुद्ध फिर्याद लावली, १९७८ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि त्या हुकूमनाम्याच्या छायेत १९९८ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम सुरू झाला. इतिहास, वाङ्मय, नागरिकशास्त्र या नेहमीच्याच विषयांचे हे पर्यायी वर्ग होते. ते घेणारी मुले राज्याच्या परीक्षांत आणि शाळा पूर्ण करण्यात इतरांहून पुढे जातात, असा निष्कर्ष पुढे विद्यापीठीय संशोधकांनी काढला. पण त्या वर्गांतील सारेच निर्दोष होते असा दावा मी करणार नाही. भिंतीवर चे गेव्हाराचे चित्र लावणाऱ्या शिक्षकाला त्या माणसाच्या तुरुंगांचाही इतिहास सांगावा लागतो, आणि तो तितक्याच आवेशाने सांगितला जात असेल याची मला खात्री नाही.

ठिणगी पडली ती २००६ च्या एप्रिलमध्ये. शेतमजुरांच्या संघटनेच्या सहसंस्थापिका दोलोरेस वेर्ता टूसॉन हायस्कुलात बोलायला आल्या आणि रिपब्लिकन लोक लॅटिनोंचा द्वेष करतात अशा आशयाचे वाक्य बोलून गेल्या. राज्याचे शिक्षणप्रमुख टॉम हॉर्न हे रिपब्लिकन. हे पद तेथे निवडणुकीने मिळते हे लक्षात ठेवले म्हणजे पुढील हकीगत समजायला सोपी जाते. त्यांनी प्रत्युत्तरासाठी आपल्या दुय्यम अधिकारी मार्गारेट डूगन यांना धाडले. त्या स्वतः लॅटिना आणि रिपब्लिकन. सभेत प्रश्न विचारण्यास मुभा नाही असे समजताच अनेक मुलांनी तोंडाला चिकटपट्ट्या लावल्या, व्यासपीठाकडे पाठ फिरवली, मुठी उंचावल्या आणि ती निमूट बाहेर पडली. हॉर्न यांच्या मते हा उद्धटपणा मुले घरून शिकली नव्हती, त्या वर्गांतून शिकली होती.

२०१० च्या मे महिन्यात गव्हर्नर जॅन ब्रूअर यांची सही होऊन कायदा झाला. सरकार उलथण्यास चिथावणारे, एखाद्या वंशाविषयी किंवा वर्गाविषयी रोष उत्पन्न करणारे, मुख्यत्वे एकाच वंशाच्या मुलांसाठी योजलेले, आणि विद्यार्थ्याला व्यक्ती न मानता वांशिक एकजूट शिकवणारे अभ्यासक्रम त्याने निषिद्ध ठरवले. आज्ञाभंग झाल्यास सरकारी अनुदानाचा दहावा हिस्सा, टूसॉनच्या बाबतीत वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर, रोखण्याचा अधिकार शिक्षणप्रमुखाच्या हाती आला.

हॉर्न यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात आपण सामील होतो, माणसाची पारख चारित्र्याने करावी हे डॉ. किंग यांचे म्हणणे आपण तेथे ऐकले, आणि मुलांची वंशावरून वर्गवारी करणे त्या शिकवणीच्या उलट आहे, असे ते सांगत. तत्त्व म्हणून हे कोणीही मान्य करील. परंतु ज्या शाळाखात्याने पाच वर्षांच्या पोराला घरची भाषा पाहून निराळ्या खोलीत बसवले आणि अर्धशतक हा शिरस्ता मोडला नाही, त्याच गावातील त्या पोरांच्या नातवंडांनी ही गोष्ट क्रमिक इतिहास म्हणून वाचू लागताच, तुम्ही व्यक्ती आहात, समूह नव्हे, असे सरकारने त्यांना बजावावे, यात तत्त्वापेक्षा वेळेची निवडच अधिक बोलते. रोष उत्पन्न करणारी घटना शिकवावी की नाही, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही: ओचोआ टूसॉनमध्ये शाळा उभारीत होते त्याच सुमारास, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहून ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली होती, आणि ते पुस्तक मवाळ आहे असे म्हणण्याचे धाडस त्याच्या चाहत्यांनीही केलेले नाही.

पुढचा मामला दप्तरी पद्धतीने चालला. पदावरील अखेरच्या दिवसांत हॉर्न यांनी टूसॉनला दोषी ठरवले. त्यांच्या जागी आलेल्या जॉन हपेंथल यांनी बाहेरची संस्था नेमून तपासणी करवली; कायदाभंगाचा पुरावा नाही असा अहवाल आला; तो बाजूला सारून त्यांनीही दोषी ठरवले. मधल्या काळात विद्यार्थ्यांनी स्कूलबोर्डाच्या सभेत सभासदांच्या खुर्च्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. अखेर १० जानेवारी २०१२ रोजी बोर्डाने चार विरुद्ध एक मतांनी वर्ग बंद केले, आणि पाठोपाठ सात पुस्तके वर्गांतून गोळा करून, खोक्यांत भरून, कोठारात गेली. त्यांत पाउलो फ्रेरे यांचे शोषितांच्या शिक्षणशास्त्रावरील पुस्तक होते, रोदोल्फो आकुन्या यांचा मेक्सिकन-अमेरिकनांचा इतिहास होता, कोलंबसाचा पुनर्विचार करणारा एक संग्रह होता. काही ठिकाणी मुले वर्गात बसलेली असतानाच हे काम झाले, असे त्यांनी सांगितले. ही बंदी नव्हे, पुस्तके ग्रंथालयात उपलब्ध आहेत, असा अधिकाऱ्यांचा खुलासा होता, आणि शब्दशः तो खोटा नव्हता. मार्चमध्ये ह्यूस्टनच्या लेखकांनी तीच पुस्तके बसमध्ये घालून वाळवंट ओलांडून टूसॉनला आणली आणि स्वतःला ‘लिब्रोत्राफिकान्ते’, म्हणजे पुस्तकांचे चोरटे व्यापारी, म्हणवून घेतले.

या कायद्याविरुद्धच्या खटल्याचा निवाडा ऑगस्ट २०१७ मध्ये लागला. पुराव्यात हपेंथल यांनी टोपणनावाने इंटरनेटवर लिहिलेला मजकूर आला. स्पॅनिश फलक आणि स्पॅनिश रेडिओ नकोत, मेक्सिकन खाणे चालेल पण खाद्यपदार्थांची यादी बहुतांशी इंग्रजीत हवी, असा त्याचा सूर होता. त्यांच्या टोपणनावांपैकी एक ‘थ्यूसिडिडीज’ हे होते. त्या ग्रीक इतिहासकाराने कोणते पाप केले होते कळत नाही. कायदा करण्यामागे आणि तो राबवण्यामागे वंशद्वेष होता, असे न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी ठरवले आणि डिसेंबरात कायद्याच्या अंमलबजावणीस कायमची मनाई केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत कोंडले गेले तेव्हा लहानगे ताशिमा ज्या पोस्टन छावणीत होते, ती ॲरिझोनातच होती.

जुने वर्ग मात्र जसेच्या तसे परत आले नाहीत. पृथक्करणाच्या त्याच जुन्या खटल्यातील २०१३ च्या आदेशामुळे ‘सांस्कृतिक संदर्भाचे अभ्यासक्रम’ या नावाने काही सुरू झाले, आणि पद सोडता सोडता हपेंथल यांनी त्यांनाही नोटीस बजावली. इकडे कॅलिफोर्नियाने नमुना अभ्यासक्रमाचे चार मसुदे आणि प्रत्येकावर नवी भांडणे (पहिल्या मसुद्यावर ज्यूंची, शिखांची, आर्मेनियनांचीही हरकत होती) यांतून वाट काढीत २०२१ मध्ये एथ्निक स्टडीज हायस्कुलाच्या पदवीसाठी सक्तीचे करणारा कायदा केला. परंतु ही सक्ती सरकारी तिजोरीतून पैसे मंजूर होण्यावर अवलंबून ठेवली होती, आणि ते पैसे २०२५ च्या अंदाजपत्रकात आलेच नाहीत. ॲरिझोनात २०२२ च्या निवडणुकीत टॉम हॉर्न पुन्हा त्याच पदावर निवडून आले.