ओले आणि सुके : सरपणाचा अलिखित इतिहास

मराठवाड्याचा इतिहास सांगताना आपण राजवटी मोजतो. यादव, बहमनी, निजाम. मग 17 सप्टेंबर 1948 आणि, हिंगोलीपुरते बोलायचे तर, 1 मे 1999, म्हणजे परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला तो दिवस. या सर्व तारखांच्या काळात घरोघर जी चूल जळत राहिली तिची नोंद मात्र दप्तरांत क्वचितच सापडते. कारण उघड आहे. खेड्यातले सरपण बहुतांशी विकत घेतलेले नसे, वेचलेले असे; आणि वेचलेल्या वस्तूची पावती नसते. ते वेचणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया होत्या, हे दुसरे कारण.

दप्तर मुके असले तरी भाषा मुकी नाही. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही म्हण आपण निरपराध माणूस अपराध्यासोबत भरडला जातो तेव्हा वापरतो. पण तिचे मूळ चुलीपाशी आहे, आणि तेथे हिशेब थोडा निराळा लागतो. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. हे पाणी उडून जाईपर्यंत लाकूड नीट पेट घेत नाही, आणि ते उडवण्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या सुक्या लाकडाला द्यावी लागते. जाळ थंडावला की लाकडातून निघणारे वायू पुरते न जळता धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे ओले जळते ते सुक्याच्या जिवावर. आणि उरलेली किंमत फुंकणी हाती घेतलेल्या बाईचे डोळे व फुप्फुसे मोजतात.

संतसाहित्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे असे आम्हांस वाटते. नामदेवांचे नाव जोडले गेलेले नरसी आणि विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातली. विसोबांनी कुंभाराकडून भांडे मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताबाईंनी तीवर मांडे भाजले, ही कथा सर्वश्रुत आहे. गोरोबांनी थापटणे मारून नामदेवांना कच्चे मडके ठरवले आणि ते विसोबांकडे गेले, ही त्यापुढची. दोन्ही कथा आपण गुरुमहिमा म्हणून शिकवतो. परंतु त्यांची प्रतिमासृष्टी भट्टीची आणि चुलीची आहे. कच्चे मडके म्हणजे ज्यात ओल राहिली आहे, ज्याला पुरता ताव लागलेला नाही ते. नामदेवांच्या घरी वाढलेल्या, मूळ गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावरील अभंगांत तर देव स्वतः शेण्या वेचू लागतो. जळण गोळा करण्याचे कष्ट किती एकाकी असतील, तर त्या कामी सोबतीला साक्षात विठ्ठलाची कल्पना करावी लागली!

हिंगोलीच्या चुलीला केवळ लाकूड पुरले नाही. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांचाही तिला आधार होता. थंड मुलखांत लाकूड फोडून, वाऱ्यावर रचून, वर्षभर वाळवतात ते घर उबदार ठेवण्यासाठी. आपल्याकडे ते पावसाळ्याआधी आडोशाला भरून ठेवायचे ते स्वयंपाकासाठी. हेतू वेगळे, पण तत्त्व एकच. वसमत भागातली हळद काहिलीत शिजवण्यासाठीही असेच जळण लागे. आता त्या कामी वाफेची यंत्रेही आली आहेत.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांत गॅसची जोडणी पोचू लागली. तरीही सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च झेपत नाही तेथे चूल पेटतेच. 2020 साली घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सुके जळण हा या धुरावरचा अंतिम उपाय नव्हे, तरी धूर कमी करणारे हे सर्वांत जुने ज्ञान आहे, आणि ते लेखी परंपरेने नव्हे तर सासू-सुनांच्या परंपरेने टिकले.

ढलपी, काटकी, वैल, फुंकणी हे शब्द अजून ज्यांच्या बोलण्यात आहेत अशा वृद्धा आज गावोगाव भेटतात. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी लघुप्रबंधासाठी त्यांच्याकडे जावे, आणि शब्दांबरोबर ते लाकूड कुणी, कुठून, किती दूरवरून आणले हेही विचारून लिहून घ्यावे.