खिशातील वाद्याची कुळकथा

काही दिवसांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ मला भेटावयास आले. जुन्या रुमालात गुंडाळलेला एक माउथ ऑर्गन त्यांनी टेबलावर ठेवला. "फादर, हा आमच्या थोरल्या भावाचा. तो बोटीवर नोकरीला होता तेव्हाचा. नातू म्हणतो, ही गंजलेली पिपाणी टाकून देऊ या. तुम्ही काय म्हणता?"

'पिपाणी' हा शब्द मला लागला. कारण सेमिनरीत असताना आम्हीही या वाद्याला असेच हिणवीत असू. ऑर्गन हे मंदिराचे वाद्य, व्हायोलिन मैफलीचे आणि माउथ ऑर्गन सहलीचा, अशी आमची वर्गवारी होती. या एवढ्याशा वस्तूला इतिहास असेल असे आमच्या मनातही आले नाही. परंतु तो आहे, आणि त्यात एका मिशनरी धर्मगुरूलाही मानाचे स्थान आहे.

पेटी, अ‍ॅकॉर्डियन आणि माउथ ऑर्गन ही एकाच कुळातील भावंडे होत. धातूच्या पट्टीला एक अरुंद खाच असते; तिच्यावर पितळेची बारीक पत्ती एका टोकाने घट्ट बसवलेली असते. दुसरे टोक मोकळे असते. हवा खाचेतून जाऊ लागली की ते थरथरते आणि स्वर उमटतो. हीच रीड. या कुळाचे मूळ पुरुष पूर्वेकडे सापडतात. चीनमधील 'शंग' या वाद्यात हवेच्या एका लहान पात्रावर बांबूच्या नळ्या उभ्या केलेल्या असतात व प्रत्येक नळीच्या बुडाशी रीड असते. १९७८ मध्ये हूपे प्रांतात उत्खनन झालेल्या एका राजाच्या थडग्यात शंग मिळाले. ते थडगे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील आहे.

फ्रान्सचे येशूसंघीय धर्मगुरू फादर झोझेफ-मारी आमियो १७५१ मध्ये पेकिंगला पोहोचले आणि १७९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. चिनी संगीताचा त्यांनी कसून अभ्यास केला. १७७३ मध्ये पोपमहोदयांनी येशूसंघ विसर्जित केला. ज्या संघासाठी घरदार सोडले तोच उरला नाही. तरीही फादर आमियोंनी हातची लेखणी खाली ठेवली नाही. त्याच दशकात त्यांनी पॅरिसला शंग पाठवले. रीडच्या वाद्याची वार्ता युरोपला त्याआधीही थोडीफार होती, आणि कोपनहेगनचे प्राध्यापक क्रात्सेनश्टाइन यांनी १७८० च्या सुमारास रीड वापरून मानवी स्वरांचे उच्चार करणारे यंत्रही बनवले होते. त्यामुळे सारे श्रेय एकट्या फादरांना देणे न्यायाचे होणार नाही. तथापि दूरदेशीच्या लोकांचे संगीत आदराने ऐकणाऱ्या या धर्मगुरूने पाठवलेल्या भेटीमुळे युरोपातील कारागिरांचे कुतूहल वाढले, हे इतिहासकार मान्य करतात.

माउथ ऑर्गन नेमका कोणी शोधला याविषयी वाद आहे. १८२१ मध्ये बुशमान नावाच्या जर्मन तरुणाने तो बनवला असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले, पण त्याचा पुरावा दुबळा आहे. १८२० नंतरच्या दशकात व्हिएन्ना व आसपास ही वाद्ये तयार होऊ लागली एवढे खरे. पुढे दक्षिण जर्मनीतील ट्रोसिंगेन हे लहानसे गाव या धंद्याचे माहेरघर बनले. तेथील घड्याळजी माथियास होनर यांनी १८५७ मध्ये कामाला आरंभ केला आणि पहिल्या वर्षी ६५० वाद्ये बनवली. तीस वर्षांनंतर त्यांच्याकडून वर्षाला दहा लाखांहून अधिक वाद्ये बाहेर पडू लागली. हा विस्तार केवळ यंत्रांच्या बळावर झाला नाही. परिसरातील घराघरांत स्त्रिया आणि मुले अल्प मजुरीवर त्यांचे भाग जुळवीत बसत. गरिबांच्या ओठी गेलेले हे स्वस्त वाद्य गरिबांच्याच बोटांनी घडवले होते, हे विसरू नये.

ज्याला पेटी परवडत नव्हती व ऑर्गन दिसतही नव्हता, त्याच्या खिशात हे वाद्य मावले. खलाशी, मजूर, पहिल्या महायुद्धातील सैनिक यांच्यासोबत ते जगभर फिरले. बटणाने अर्धस्वर देणारा क्रोमॅटिक प्रकार निघाल्यावर विद्वानांनीही त्याची दखल घेतली. लॅरी अ‍ॅडलर यांच्या वादनासाठी इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी १९५१ मध्ये खास रचना केली. आपल्याकडे 'दोस्ती' (१९६४) या चित्रपटातील अपंग मुलाच्या ओठी असलेला माउथ ऑर्गन लाखोंनी ऐकला. तो प्रत्यक्षात राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता. डिसेंबर १९६५ मध्ये तर 'जेमिनी ६ अ' यानातून अंतराळवीर वॉली शिरा यांनी एका इवल्याशा माउथ ऑर्गनवर नाताळचे गाणे वाजवले.

शिकू इच्छिणाऱ्या मुलांसाठी चार शब्द. आरंभी दहा घरांचा, 'सी' पट्टीचा साधा माउथ ऑर्गन घ्यावा. प्रत्येक घर फुंकून आणि ओढून पाहावे. स्वर सहज यावा, हवा वाया जाऊ नये. चौथ्या घरात फुंकला की सा, ओढला की रे. पाचव्यात ग आणि म. सहाव्यात प आणि ध. सातव्यात मात्र क्रम उलटतो: आधी ओढून नी, मग फुंकून सा. येथे पुष्कळजण अडखळतात. शंगची एकच पत्ती दोन्ही श्वासांवर बोलते. माउथ ऑर्गनमध्ये दोहोंसाठी वेगळ्या पत्त्या असतात. बासरीवाला श्वास घेताना थांबतो, येथे घेतलेला श्वासही गाण्यातच मोडतो.

खाऊन लगेच वाजवू नये, चूळ भरावी. वाजवून झाल्यावर घरे खाली करून तळहातावर हलके आपटावे आणि वाद्य कोरडे झाल्यावरच डबीत ठेवावे. आतील सांगाडा लाकडी असेल तर पाण्यात बुडवू नये, लाकूड फुगते.

त्या गृहस्थांचा माउथ ऑर्गन मी उघडून पाहिला. गंज वरच्या पत्र्यावर होता. आत दोन पत्त्या तुटल्या होत्या, बाकी साऱ्या शाबूत होत्या. मऊ ब्रशने पुसून मी चौथ्या घरात हळूच फुंकर घातली. सा उमटला. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. रुमालाची घडी पुन्हा पुन्हा नीट करीत राहिले. जाताना एवढेच म्हणाले, "नातवाला तुमच्याकडे पाठवतो."