इंद्रायणी (चिखलीचा काठ)

भीमेची उपनदी. लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम, सुमारे १०० किलोमीटरचा प्रवाह, तुळापूरला भीमेशी संगम. उगमाकडच्या वळवण धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली खोपोलीला उतरते. त्यामुळे खालच्या खोऱ्यात नदी मुख्यतः आंद्रेसारख्या उपनद्यांच्या जोरावर पोचते. मावळात दोन्ही काठांना भातखाचरे आहेत. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या, १९८७ साली प्रसारित वाणाला तिचेच नाव आहे. देहूच्या खाली पाऊस कमी होतो, भाताची जागा बाजरी-ज्वारी घेते आणि मोटरीचे पाणी पोचते तिथे ऊस व भाजीपाला.

देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान उजव्या काठावर चिखली वसले आहे. पलीकडच्या काठावर खेड तालुक्यातले निघोजे. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी त्यांचे टाळ इथे पडले, या श्रद्धेतून गावाला टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकरांचे नाव येते. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे संतपीठही याच गावात उभे राहिले.

१९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्यानंतर शिवारातले ओढे सर्वांत आधी बदलले. पावसाळ्यात रानाचे पाणी नदीला नेणारे हे ओढे आता बारमाही वाहतात, कारण त्यांत वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी असते. आळंदीच्या घाटावर वारंवार दिसणाऱ्या फेसाची कारणे अशाच नाल्यांत आहेत. नदीची सफाई घाटावरून नव्हे, नाल्याच्या तोंडापासून सुरू व्हायला हवी.

हेच पात्र शहराची तहानही भागवते. आंद्रा धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे निघोजे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथून उपसून चिखलीच्या १०० दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध होते. पिण्याचे पाणी ज्या नदीतून आणायचे तिच्यातच मैला सोडायचा, ही व्यवस्था टिकू देणे गुन्हा आहे.

काठावरच्या बांधकामांचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेला. ती पाडण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवल्यावर १७ मे २०२५ रोजी महापालिकेने चिखलीतील, बांधकामाला मनाई असलेल्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले. घरे गेली ती आयुष्यभराची पुंजी घालून ती घेणाऱ्यांची. पूररेषेत प्लॉट पाडून विकले जात असतानाच हा व्यवहार अडवायला हवा होता.