जुन्या गेममध्ये चिलखताचा आकडा उलटा का? एसी आणि थॅकोचा हिशोब

काकती : कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे जन्मगाव. हातात तलवार घेतलेली घोड्यावरची राणी इथल्या पोरांच्या रोजच्या पाहण्यातली. पण तीच ढाल-तलवार जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये आली की घोळ होतो. 'बाल्डर्स गेट' हा १९९८ चा गेम आता मोबाईलवरही चालतो. नवा खेळाडू चिलखत घेतो, अंगावर चढवतो आणि बघतो तर 'आर्मर क्लास', म्हणजे एसी, १० वरून ५ वर उतरलेला. तोटा झाला समजून तो चिलखत विकून मोकळा होतो आणि पुढच्याच मारामारीत मरतो. हा गेम मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही, त्यामुळे समजावून सांगणारंही कोणी भेटत नाही.

तर पहिली गोष्ट : या गेममध्ये एसी जितका कमी तितका चांगला. परीक्षेत पहिला नंबर दहाव्यापेक्षा वरचा, तसंच हे.

ही पद्धत आली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळातून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली काढला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता; कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती चार डोकी एवढाच पसारा. त्याआधीच्या गायगॅक्सच्या १९७१ मधल्या युद्धखेळाचं नावच 'चेनमेल', म्हणजे आपलं कड्यांचं चिलखत. आर्मर क्लासची कल्पना मात्र आपण लोखंडी जहाजांच्या लढाईच्या खेळातून घेतली, असं आर्नेसन सांगत.

आता 'हिट' म्हणजे काय ते बघू. मराठी माणसाला यासाठी लांब जायला नको. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफझलखानाने कट्यारीचा वार केला, तो शिवरायांच्या अंगावर पोचलाही. पण आत चिलखत होतं, वार त्यावरून खरखरत गेला. जुन्या गेमच्या हिशोबात हा वार 'मिस'. हत्यार अंगाला लागलं की नाही हे फासा सांगत नाही, इजा झाली की नाही एवढंच सांगतो. म्हणून स्क्रीनवर 'मिस' दिसलं तर शत्रूचा नेम चुकला असंच समजायचं कारण नाही.

हिशोब वीस बाजूंच्या फाशावर चालतो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लढवय्याला 'थॅको' नावाचा आकडा असतो. समोरच्याचा एसी शून्य असेल तर फाशावर किमान किती पडायला हवेत, तो हा आकडा. थॅकोतून समोरच्याचा एसी वजा करा, उरेल तेवढं किंवा जास्त पडलं की वार बसला. पहिल्या पायरीच्या योद्ध्याचा थॅको २०. समोर चिलखत नसलेला, एसी १० चा माणूस असेल तर १० पडले की पुरे. म्हणजे शंभरात ५५ वार बसणार. कड्यांचं चिलखत, एसी ५, असेल तर १५ लागतात, म्हणजे ३० वार. पत्र्याचं चिलखत, एसी ३, असेल तर १७ लागतात, म्हणजे २०.

एसी शून्याखाली गेला की लोक अडखळतात. उणे ३ वजा करायचे म्हणजे ३ मिळवायचे, हे शाळेतलंच गणित. २० चे २३ झाले आणि फाशावर २३ नाहीतच. पण २० पडले की वार बसतोच आणि १ पडला की चुकतोच, असा नियम असल्याने शंभरात ५ वेळा तरी धोका राहतो.

खरी मेख पुढे आहे. एसीचा एक अंक म्हणजे फाशाची एक बाजू, पाच टक्के. म्हणून बरेच जण सगळे अंक सारख्याच किमतीचे धरतात, आणि इथेच फसतात. शत्रूचे शंभरात ५५ वार बसत होते ते ५० झाले, तर मार अकराव्या हिश्श्यानेच घटला. पण १० चे ५ झाले तर मार निम्मा झाला. अंक एकच, फायदा कुठल्या कुठे! व्यापारातल्या माणसाला हे चटकन कळेल. त्यामुळे चौघांना थोडं-थोडं वाटण्यापेक्षा पुढे उभ्या राहणाऱ्या एकाला पूर्ण मढवणं बहुतेक वेळा परवडतं.

खर्चाचंही तसंच. पुस्तकातल्या यादीत चामड्याचं चिलखत ५ सोन्याच्या नाण्यांना, कड्यांचं ७५ ला आणि पत्र्याचं थेट ६०० ला. कड्यांवरून पत्र्यावर जाऊन दोन अंक सुधारतात. त्यातला एक अंक साधी ढाल सात नाण्यांत देते. आधी ढाल घ्या! चपळाईही मोजली जाते. १८ चपळाईचा चोर चामड्याच्या ८ वरून थेट ४ वर येतो, कडीवाल्यापेक्षा पुढे.

हत्याराचा प्रकार काही गेम धरतात, काही सोडून देतात. जिथे धरतात तिथे कड्यांचं चिलखत तलवारीच्या कापाला चांगलं, पण गदेपुढे कमकुवत. खऱ्या चिलखतालाही हे लागू आहे : कडी कापली गेली नाही तरी आतलं हाड मोडतं.

सगळ्यांनाच हे गणित पटलं होतं असं नाही. 'रुनक्वेस्ट' या १९७८ च्या खेळात वार लागला का हे वेगळं आणि चिलखताने त्यातलं किती शोषलं हे वेगळं. वास्तवाला ते जवळचं, पण प्रत्येक वाराला जास्तीची वजाबाकी.

२००० साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने आकडे सरळ केले आणि थॅको गेला. आता १० पासून वर चढायचं, जास्त तो चांगला. जुना एसी २० मधून वजा केला की साधारण नवा मिळतो : ५ चे १५. २००२ चा 'नेव्हरविंटर नाइट्स' आणि २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' या नव्या पद्धतीचे. पहिले दोन 'बाल्डर्स गेट', 'आइसविंड डेल' आणि 'नेटहॅक' उलट्या आकड्यांचे. गेम कुठल्या पद्धतीचा हे कळत नसेल तर चिलखत विकण्याआधी एकदा काढून-घालून बघा. चढवल्यावर आकडा उतरला तर ते अंगावरच राहू द्या.