सुरतेची छावणी आणि शिपायाचे मन

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची छावणी सुरतेस पडली होती. मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता. तहाचे बोलणे करण्याच्या मिषाने त्याने एक तरुण पाठविला. त्याने महाराजांवर झेप घेतली. रक्षकाने त्याचा हात छाटला, तरी तो त्यांच्या अंगावर कोसळलाच. रक्ताने माखलेले महाराज खाली पडलेले दिसताच राजा गेला, अशी हाकाटी उठली आणि कैद्यांची कत्तल करा, असा गलका झाला. महाराजांनी उठून तो थांबविला. मात्र त्यानंतर त्यांच्याच आज्ञेने काही कैद्यांची डोकी व हात तोडले गेले, हेही इंग्रजांच्या कागदपत्रांत नमूद आहे.

शिस्तीबद्दल नावाजलेल्या फौजेचा तोल असा क्षणात का ढळावा? धन्यावरील निष्ठा हे कारण खरेच. पण ते पुरेसे नाही. स्वराज्याच्या शिपायाला लूट घरी नेता येत नसे. ती सरकारजमा होई. त्याच्या घराचा आधार वेगळाच होता. १६५९ मध्ये अफजलखानाच्या प्रसंगानंतर पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी चालविले, निपुत्रिक विधवांना अर्धे वेतन बांधून दिले, आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली, असे सभासद सांगतो. हा सारा भरवसा एका माणसाच्या शब्दावर उभा होता, आणि सुरतेत तोच माणूस रक्तात पडलेला दिसला.

होनांत मोजली गेली ती शरीराची जखम. मनाच्या जखमेला तेव्हा युरोपातही नाव नव्हते. परमुलखातील स्विस माणसांना घराच्या ओढीने जडणाऱ्या आजाराला योहानेस होफर या वैद्याने नाव दिले, ते १६८८ साली. पुढे तो शिपायांचा आजार म्हणूनच ओळखला गेला.

घरी राहिलेल्यांचे दुःख तर त्याहून अबोल. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. वेतन, होन, वतन यांपैकी कशानेही भरून निघणारी ही उणीव नव्हती. तेथे हवी होती ती खात्रीची वार्ता. ती न मिळाल्यानेच भाऊंच्या नावाचा तोतया माजू शकला. १७७६ मध्ये त्याला देहांत शासन झाले. पार्वतीबाई त्यानंतरही सात वर्षे, १७८३ पर्यंत, सौभाग्यचिन्हे धारण करून राहिल्या.