पस्तीस ते शंभर: दहावीच्या गुणांचा एक हिशेब

दहावीचे गुण फुगले, अशी ओरड दर निकालाला होते आणि खापर पेपर तपासणाऱ्या शिक्षकांवर फुटते. निकालांची कात्रणे मी बरीच वर्षे जमवतो आहे. ती ओळीने लावली की वेगळे दिसते. गुण वाढले ते मुख्यतः नियमांमुळे, आणि ते नियम अकरावी प्रवेशाच्या रांगेतून जन्मले.

२०१० पाहा. आयसीएसईच्या मुलांची टक्केवारी निवडक विषयांवर निघते, मग आमच्या मुलांना सहाही विषयांचे ओझे का, या प्रश्नातून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने तारले. सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीतून गळला. त्याच वर्षी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. क्रीडागुणांच्या जोडीला पुढे कलेचेही वाढीव गुण आले. २०१७ मध्ये १९३ जणांना शंभर टक्के मिळाले.

खरी कसोटी २०१९ ची. भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांतले, शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण त्या वर्षी बंद झाले. निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. शंभर टक्केवाले १२५ वरून २० वर. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, म्हणून सगळी घसरण या २० गुणांच्या नावे मांडता येत नाही. पण पालकांनी बोट तिथेच ठेवले: इतर मंडळांत अंतर्गत गुण चालू असताना आमच्याच मुलांचे का कापता? रांगेचा विचार करता तक्रार रास्त होती. काही महिन्यांत ते गुण परत आले. २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल ९५.३० टक्के लागला.

२०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे आणि शाळेतले गुण धरून निकाल लागला ९९.९५ टक्के. मग अकरावीसाठी वेगळी ऐच्छिक सामाईक परीक्षा जाहीर करावी लागली. तीही उच्च न्यायालयाने रद्द केली. आपल्याच गुणपत्रिकेवर निवड सोपवणे सरकारला जड गेले, ही बोलकी गोष्ट आहे.

शाळेने २० पैकी १८ दिले, तर उत्तीर्ण व्हायला लेखी ८० पैकी १७ पुरतात. त्या आधारावर अनेक मुले शाळेत टिकतात, हे मी नाकारत नाही. पण जिच्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावी झाले, त्या वाडीवरच्या मुलीकडे क्लास नाही, ओळख नाही. गुणपत्रिका हाच तिचा एकमेव दाखला. तो सगळ्यांचा सारखाच दिसू लागला, की सर्वांत जास्त नुकसान तिचे होते.

एकट्या मंडळाने हात आखडला, तर फटका त्याच्याच मुलांना बसतो, हे २०१९ ने दाखवले. आखडायचा तर सर्व मंडळांनी एकाच वर्षी, एकत्र.